शिडीच्या अर्जातला निरंक

मला इंग्रजी चांगलं येतं, ही गोष्ट कर्जतला आल्यावर मी होता होईल तो लपवली. वडील रेल्वेत होते, तेव्हा आम्ही रेल्वेच्या वसाहतीत राहायचो आणि तिथल्या मिशनच्या शाळेत मी शिकले. वडील गेल्यावर आई मला घेऊन काकांकडे आली. काकांचा भाताचा व्यापार होता. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, आणि रस्त्यापलीकडे, घराच्या अगदी समोर, त्यांचीच वखार. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर कमी बोलावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच कळलं. काकू म्हणायची, "हिच्या तोंडाला कुलूप आहे, आणि किल्ली राहिली त्या मडमांकडे."

माडीवरच्या खिडकीत बसून तांदूळ निवडायचं काम मी आपणहून घेतलं होतं. तिथे कोणी येत नसे. समोर वखारीचा माळा होता आणि माळ्याला रस्त्याच्या अंगाला एक चौकोनी झरोका. हंगामात डोंगराकडच्या वाडीतल्या बायका त्या माळ्यावर बसून फाटकी पोती शिवायच्या. त्यांतली एक आमच्या घरी लाकडाची मोळीही आणून टाकायची. तिला सगळे मोळीवाली म्हणत. परसात मोळी टाकली की ती ओंजळ करायची आणि काकू वरून पाणी ओतायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओंजळीतलं पाणी तसंच ठेवून तिने काकूला विचारलं, "ही कोन गं? बोलत नाय?"

"इंग्रजी शाळेतली आहे," काकू म्हणाली.

"मंग इंग्रजीत तरी बोल गं."

मला हसू आलं, पण मी आत निघून गेले. त्यानंतर ती माळ्यावर कामाला असली की झरोक्यात येऊन समोर माझ्याकडे बघायची आणि रस्त्यापलीकडून म्हणायची, "बोल." एवढंच. मी मान खाली घालून हसायचे. हे बरेच दिवस चाललं. मी एकदाही काही बोलले नाही.

आग लागली ती चैत्रात, दुपारची जेवणं झाल्यावर. तेव्हा घाटात अजून विजेची इंजिनं आली नव्हती. गाडीच्या मागे जोडायची कोळशाची इंजिनं दिवसभर स्टेशनात धुमसत उभी असायची. वखारीच्या मागे पेंढ्याच्या गंजी रचल्या होत्या. कोणी म्हणालं ठिणगी इंजिनाची, कोणी म्हणालं बिडीची. ते शेवटपर्यंत कळलं नाही. वारा वखारीकडे होता. माळ्यावरच्या बायका आरडाओरडा ऐकून लाकडी जिन्याने खाली धावल्या. मोळीवाली पार पलीकडच्या कोपऱ्यात पोत्यांच्या ढिगामागे बसली होती. ती जिन्यापाशी पोचली तोवर जिना पेटला होता.

मग ती झरोक्यात आली. मी माझ्या खिडकीत होते. मधे फक्त रस्ता होता, आणि आम्ही दोघी एकाच उंचीवर होतो.

स्टेशनवरची माणसं लाल बादल्या घेऊन पळत आली. त्या बादल्यांची बुडं गोल असतात, कोणी घरी वापरायला नेऊ नये म्हणून. भरलेली बादली खाली ठेवली की कलंडायची आणि पाणी रस्त्यातच सांडायचं. देवळातून दीपमाळेची शिडी आणली. एका घरून छप्पर शाकारायची आणली. दोन्ही पुरेनात, म्हणून सुंभाने एकमेकींना बांधल्या. एक हमाल अर्ध्यापर्यंत चढला आणि गाठ सरकली. चार माणसं घोंगडी ताणून उभी राहिली आणि "उडी मार गं, उडी मार" म्हणाली.

तिने खाली घोंगडीकडे पाहिलं. मग कमरेला मागे लावलेला कोयता आकडीतून काढला आणि ओरडून सांगितलं, "बाजूला व्हा रं, कोयता येतो."

माणसं बाजूला झाली. कोयता खाली धुळीत पडला. मला वाटतं, उडी मारताना तो कोणाला लागू नये म्हणून तिने तो आधी टाकला. त्यामागून ती उडी मारणार होती. पण तेवढ्यात मागून धुराचा लोट आला, ती एका अंगाला वळली, आणि नंतर झरोक्यात धुराशिवाय काही दिसलं नाही.

त्या घरात यावर फार बोलणं झालं नाही. काका आठवडाभर जेवताना ताटाकडे बघत बसत. वाडीच्या पोलीस पाटलाने येऊन पंचनामा केला. काकांनी वाडीवर भात पाठवलं. वखारीच्या भिंती पाडून पुन्हा बांधायला घेतल्या.

पावसाळ्याच्या तोंडावर काकांच्या एका ओळखीच्या माणसाने मुंबईहून निरोप पाठवला. तिथे एक धर्मादाय फंड होता. आगीत सापडलेल्यांची सुटका करायची साधनं तो लहान गावांना देत असे. त्याचा छापील अर्ज इंग्रजीत होता. तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणारा अर्ज लिहिणारा तयार होता, पण काका म्हणाले, "घरात शिकलेली मुलगी असताना बाहेर कशाला जायचं?" मला दाराआडून ओटीवर बोलावलं आणि कोपऱ्यात पाटावर बसवलं.

ओटीवर दोघेच होते, काका आणि त्यांचे स्नेही, एक निवृत्त तलाठी. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. ते सांगत होते आणि मी इंग्रजीत लिहीत होते. दोन भागांची, दोरीने वर सरकणारी शिडी. उडी मारणाऱ्याला झेलायचं जाड कापड. पेटलेलं छप्पर ओढून काढायला लांब दांड्याचे लोखंडी आकडे. त्यानंतर अर्जात रकाने होते, आणि त्या रकान्यांत त्यांना आकडे हवे होते. भाऊसाहेबांना याची गंमत वाटली. "आपण आकडे मागतोय आणि ते आपल्याकडे आकडेच मागतायत," ते म्हणाले. काका हसले. मीही जराशी हसले.

जळालेल्या इमारती लिहिल्या. धान्य लिहिलं. गुरं लिहिली. दोन म्हशी होरपळल्या होत्या, त्या भाऊसाहेबांनी वेगळ्या लिहायला लावल्या. पुढचा रकाना मनुष्यहानीचा होता.

"निरंक," भाऊसाहेब म्हणाले.

माझा टाक कागदाच्या वर थांबला. त्यांना वाटलं, मला शब्द कळला नाही. "निरंक म्हणजे जिथे अंक नाही. काही नाही. तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात ते लिहा."

"निल," मी म्हटलं. त्या ओटीवर मी उच्चारलेला तो पहिला शब्द.

मी काकांकडे पाहिलं. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "भाऊसाहेब, ती बाई..."

"ती वाडीची. तिची नोंद वाडीला झाली आहे, पाटलाने केली आहे. हा अर्ज गावचा. एक मयत दोन ठिकाणी लावता येत नाही, आकडा दुप्पट होतो."

मला त्यांचा राग आला नाही, हे खरं सांगते. त्यांची सगळी नोकरी जन्ममृत्यूच्या वह्या लिहिण्यात गेली होती. माणूस मरतो तिथे नव्हे, राहतो तिथे मोजायचा, आणि कोणालाही दोनदा मोजायचं नाही, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं. म्हशी मात्र गावच्या होत्या. काकांनी मान हलवली. मी लिहिलं. शाळेत आम्हाला पहिलं अक्षर वळण देऊन काढायला शिकवत. मी ते तसंच काढलं. काकांनी खाली सही केली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो पोरीचं."

उत्तर आलं ते नवरात्र उलटल्यावर. जाड कागदावर टाइप केलेलं पत्र होतं. मी ओटीवर उभी राहून वाचत होते आणि वाचता वाचता मराठीत सांगत होते. पहिल्याच वाक्याशी मी अडखळले.

"काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"आपल्या गावात मनुष्यहानी झाली नाही हे वाचून त्यांना समाधान वाटलं, असं म्हणतात."

पुढचं मी सांगितलं. आपण हाताशी होतं त्यावर सगळी माणसं वाचवलीत, याबद्दल गावाचं कौतुक. जिथे माणसं गेली आहेत अशा गावांना साधनं आधी द्यावी लागतात, तेव्हा या खेपेस देता येत नाहीत. काही नवीन सांगायचं असल्यास पुन्हा लिहावं.

"पहिलं वाक्य परत वाच," काका म्हणाले. मी वाचलं.

समोर वखार नवी होऊन उभी होती. नवा जिना, नवा माळा, आणि झरोका होता त्याच जागी. महिन्याभरात भात यायला लागणार होतं आणि बायका पोती शिवायला पुन्हा वर चढणार होत्या. उंच शिडी मात्र गावात देवळाचीच होती, तीही त्या दिवशी मोडलेली.

"लिहू पुन्हा," भाऊसाहेब म्हणाले. "गुरं थोडी वाढवून लिहू."

तेव्हा मी म्हटलं, "एक ओळ चुकली होती." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. काका म्हणाले, "मोठ्याने बोल." मी पुन्हा म्हटलं.

"कोणाची चुकली?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी लिहिली ना. मी त्या दिवशी खिडकीत होते."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता रागावतील. पण ते काकांना म्हणाले, "सांगितली मी होती. पण विचार कर. आता बदललं तर आधीचं खोटं ठरतं, आणि खोट्याखाली सही तुझी आहे. ते विचारतील, आधी का दडवलंत? वखार कोणाची? मग काय सांगणार?"

काका उठून आत गेले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईला वाटलं, आता आपल्याला हे घर सोडावं लागणार. तिने मला काही म्हटलं नाही, नुसती आमची ट्रंक उघडून आतले कपडे पुन्हा घडी करून ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"कोणाचं?" काकू म्हणाली.

"तिचं."

"मोळीवालीचं?" काकू थांबली. तिने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. दोन हिवाळे त्या घरातली चूल तिच्या लाकडांवर पेटली होती. नाव कोणालाच माहीत नव्हतं.

काकांनी गाडी जुंपायला सांगितली. दुरुस्तीच्या अर्जासोबत मयताचं नाव आणि घरच्या माणसाचा अंगठा लागेल, असं भाऊसाहेबांनी सांगितलं, आणि तेही बरोबर आले. लिहायला मला घेतलं. चौक गावाच्या वाटेने बरंच गेल्यावर डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडली आणि वर चालत गेलो. कुडाची, गवताने शाकारलेली ठेंगणी घरं होती. तिचा नवरा अंगणात बांबू तासत होता. आम्हाला पाहून तो उठला, पण हातातलं काम त्याने सोडलं नाही. काकांनी आल्याचं कारण सांगितलं. शिडी यायची आहे, तिच्यासाठी कागद करायचा आहे.

"आमच्या घरावर चढाया शिडी लागत नाय शेठ," तो म्हणाला. "आमी वाकून आत जातो."

"वखारीसाठी आहे. गावासाठी."

"हां. गावासाठी." त्याने बांबूची एक कांब सोलून बाजूला ठेवली. "ती गेली तवा तुमी नाव नाय इचारलं. आता शिडीला नाव पायजे."

भाऊसाहेब सारवासारव करायला गेले, "अरे, तेव्हा पाटलाने नोंद..." काकांनी हाताने त्यांना थांबवलं.

घराच्या दारात एक बाई उभी होती. कमरेला मागे कोयता. मी कोयता ओळखला, मुठीला गुंडाळलेल्या चिंधीवरून. ती मोळीवालीची बहीण होती. आता तिच्या जागी हीच मोळी आणणार आणि हंगामाला हीच माळ्यावर जाणार होती. शेवटी मीच तिच्यापाशी गेले आणि विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तूच ना गं ती? खिडकीतली, बोलत नाय ती?"

मी हो म्हटलं.

"ती सांगायची घरी येऊन. आज पन नाय बोलली, म्हनायची. उद्या बोलंल, म्हनायची."

मग तिने नाव सांगितलं. मी ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, अक्षर चुकू नये म्हणून. या लिखाणात मी कोणाचंच नाव घातलेलं नाही, म्हणून तिचंही नाही. जिथे ते लिहायला हवं होतं तिथे लिहिलं आहे.

नवऱ्याने अंगठा द्यायच्या आधी आणखी एक विचारलं. "शिडी ठेवनार कुठं?"

"वखारीच्या पडवीत," काका म्हणाले.

"कुलूप लावनार?"

"लावावं लागेल. नाहीतर लोक आंबे काढायला नेतील."

"मंग किल्ली येईस्तवर ही वर थांबनार काय?" त्याने हातातल्या कोयत्याने मेव्हणीकडे दाखवलं.

काकांच्या घरात सगळ्याला कुलूप होतं. कोठीला, देवघरातल्या पेटीला, साखरेच्या डब्यालासुद्धा. मग ते म्हणाले, "नाही लावणार."

"तसं लिवा."

"लिहितो की."

"आता लिवा. हिला लिवाया सांगा."

मी तिथेच दगडावर बसून लिहिलं. शिडी रस्त्याच्या बाजूला, उघड्यावर, बिनकुलपाची टांगली जाईल. मराठीत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि खाली तेच इंग्रजीत लिहिलं. त्याने अंगठा उठवला. त्याच्याखाली काकांनी सही केली.

घरी आल्यावर मी दुसरा अर्ज लिहिला. मनुष्यहानीच्या रकान्यात एकचा आकडा घातला, पुढे नाव, आणि पहिल्या अर्जात हे का नव्हतं ते दोन ओळींत. काकांनी त्या ओळी स्वतः सांगितल्या. ती आमच्या वखारीत कामाला होती, राहायला वाडीत होती, आणि आम्ही तिला आमच्यात धरलं नाही. हे इंग्रजीत लिहायला अवघड नव्हतं. भाऊसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मयत दोन ठिकाणी लागली ही माझी पहिलीच." मग थोड्या वेळाने म्हणाले, "लागू दे."

मुंबईहून जाब विचारणारं पत्र येईल, म्हणून काका रोज टपालाची वाट पाहत. भात वखारीत आलं. बायका माळ्यावर चढल्या. काका दिवसातून चार वेळा उठून वखारीत जात आणि चिलीम ओढणाऱ्याला हाकलून लावत. काकू म्हणायची, "शिडी येवो न येवो, माणूस मात्र पहाऱ्याला बसला."

पत्र आलं ते पौषात, आणि त्यात जाब नव्हता. साधनं मंजूर झाल्याचं आणि मालगाडीने पाठवत असल्याचं होतं, बाकी काही नाही. शिडी बैलगाडीत मावेना. आठ जणांनी ती खांद्यावर घेऊन स्टेशनपासून बाजारातून आणली. लोक विचारत, "कुणाच्या लग्नाची रं?" आणि ते म्हणत, "वखारीच्या." वाडीवरून तिचा नवरा आला होता. त्याने खांदा दिला नाही. पडवीत आकडे ठोकून शिडी टांगेपर्यंत तो उभा राहिला, कडीत कुलूप नाही हे हात लावून पाहिलं, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी काकांनी शिडी लावून पाहायचं ठरवलं. खालचा भाग रोवला, दोरी ओढली, वरचा भाग सरकत झरोक्याला टेकला. आता वरून कोणीतरी उतरायला हवं होतं. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. माळ्यावरच्या बायका आत सरकल्या. मोळीवालीची बहीण पुढे आली. तिने पदर खोचला, कमरेचा कोयता काढून मागच्या बाईच्या हातात दिला, आणि झरोक्यात बसून पाय बाहेर काढला. मग ती थांबली. खाली बघितलं आणि तशीच बसून राहिली. खालून "ये, ये" म्हणत होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने समोर माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीत उभी होते, सुपात तांदूळ होते. रस्त्यावर निम्मा बाजार जमला होता.

"धरली आहे त्यांनी," मी म्हटलं. एवढ्याने ऐकू जाणार नव्हतं. सूप खाली ठेवून मी पुन्हा मोठ्याने म्हटलं, "खाली धरली आहे घट्ट. ये तू."

खालची माणसं वळून माझ्या खिडकीकडे बघायला लागली. काकाही. तिने दुसरा पाय काढला, पायरी चाचपली आणि उतरू लागली. शेवटच्या पायरीवरून रस्त्यावर पाय टेकेपर्यंत मी मधून मधून "ये" म्हणत होते.